आईची एट हंड्रेड: पुढचे आर्म आणि बुश

गाडी मारुती ८००, २००२ची, आईच्या नावावर. जागा पुण्यात सहकारनगर, सोसायटीचं पार्किंग. काम पुढच्या सस्पेन्शनचं: चाकं खालून धरून ठेवणारे दोन आर्म आणि त्यांच्या सांध्यातली रबरं, म्हणजे बुश. नोंदी त्या त्या दिवशी रात्री लिहिल्या आहेत, हात धुऊन.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

पावसाळाभर ऐकतोय तो आवाज अंगवळणी पडायच्या आत मार्गी लावायचं ठरवलं. आवाज पुढून, डावीकडून. स्पीडब्रेकरवरून सावकाश उतरताना एक ‘टक्’. त्याच ब्रेकरवरून जरा वेगात गेलं तर काही नाही. पार्किंगमधून रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला की एक टक्, पुढे घेऊन दाबला की परत एक. जोरात ब्रेक मारला तर गाडी डावीकडे ओढते. डाव्या टायरची आतली कड खाल्ली गेलीय. अलाइनमेंट मे महिन्यात करून घेतलं होतं. गणपती येईपर्यंत स्टिअरिंग पुन्हा तिरकं.

एका गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले होते. मला ते पटलं नाही. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येते आणि बसते, झुलत राहत नाही. शॉकअपवर तेलाचा ओघळ नाही. आणि रिव्हर्स-ब्रेक, पुढे-ब्रेक केल्यावर दर वेळी एकच टक् येतो, याचा अर्थ काहीतरी सैल आहे आणि ते जोराची दिशा बदलली की एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपटतंय. शॉकअपचं हे लक्षण नाही.

आईचं निदान एका वाक्यात: “गाडीला हल्ली स्वतःचं मत आलंय.”

ताई ओवाळायला आली, सोबत भाचा. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जेवणं झाल्यावर दोघं खाली गेलो. मी गाडी पुढे-मागे करून ब्रेक मारत होतो आणि तो डाव्या चाकाशेजारी उकिडवा बसून बघत होता.

“मामा, ब्रेक मारला की चाक मागे जातंय.”

“किती?”

“जास्त नाही. पण मडगार्डची फट कमी-जास्त होतेय, स्पष्ट दिसतंय.”

शॉकअपचा विषय तिथेच संपला.

९ नोव्हेंबर, शनिवार

गाडी वर घेऊन तपासणी.

एट हंड्रेड पुढच्या चाकांवर चालते. त्यामुळे पुढचा भाग उचलल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नसतो. तिला धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक, आणि तो मागच्या चाकांवर. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा. मग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी डोकं घालत नाही, आणि दुसऱ्या कुणी घातलेलं मला बघवत नाही.

आधी चाक हलवून बघितलं. वर-खाली धरून हलवलं की डाव्या चाकाला खेळ. डावीकडे-उजवीकडे धरून हलवलं तर नाही, म्हणजे टाय रॉड एंड, स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा, ठीक. वर-खालचा खेळ बेअरिंगचाही असू शकतो, म्हणून भाच्याला ब्रेक दाबून बसायला सांगितलं. ब्रेक दाबला की चाक आणि हब नकलला, म्हणजे हब ज्यात बसतो त्या लोखंडी भागाला, पकडलं जातं. मग बेअरिंगचा खेळ असेल तर तो नाहीसा होतो. आमचा तसाच राहिला. म्हणजे खालचा बॉल जॉइंट, आर्म आणि नकलमधला सांधा. त्याचं रबरी टोपण फाटलेलं, आत ग्रीसऐवजी मातीचा राप.

हे सगळं चाक लटकत असताना बघायचं. या गाडीत वजन स्प्रिंगमधून वर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) टोकाला जातं, खालच्या बॉल जॉइंटवर वजन नसतं. चाक जमिनीवर टेकलेलं असलं की मात्र सगळं ताणून बसतं आणि खेळ लपतो.

आता आर्मचा आतला बुश. टॉर्च मारून जवळून बघितलं. बाहेर लोखंडी कडी, आत जाड नळी, मध्ये रबर. डावीकडचं रबर आतल्या नळीपासून अर्ध्या घेरात सुटलेलं, चंद्रकोरीसारखी फट पडलेली. फटीच्या काठाला बारीक काळी भुकटी, बोट लावलं तर काजळीसारखी चिकटते. टॉमी (लोखंडी दांडा) घालून आर्म ढकलला की फट मिटते, सोडला की उघडते. आणि मिटताना तोच टक्. भाच्याने तीन-चार वेळा करून बघितलं. गरज नव्हती, पण मजा येत होती.

उजवीकडचा बुश तडकलेला आहे, सुटलेला नाही. बॉल जॉइंट शाबूत.

खरी दुर्दशा स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे दोन्ही आर्म जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकांना. तिथलं रबर इतकं झिजलंय की वॉशर जवळजवळ आर्मच्या पत्र्याला टेकलाय. डावीकडे बार हाताने पुढे-मागे हलतो.

अजून एक दिसलं. सगळी रबरं बाहेरून फुगलेली आणि मऊ, नख रुतेल इतकी. हे कशाने झालं ते मला माहीत आहे. पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवर गाडी वर घेऊन खालून डिझेल नाहीतर जुनं ऑइल फवारतात, गंज लागू नये म्हणून. आईची गाडी वर्षानुवर्षं हा अभिषेक करून घेतेय. पत्र्याला कदाचित फायदा होत असेल, पण रबर तेल पितं, फुगतं आणि सैल पडतं. यापुढे फवारणी बंद. आईला सांगितलं. ती म्हणाली, “फुकट करून देतात ते.” फुकट आहे म्हणूनच.

१० नोव्हेंबर, रविवार

आज काम नाही, यादी केली. पण एक गोष्ट सविस्तर लिहून ठेवतो, कारण बहुतेक ठिकाणी आर्म बदलतात आणि इथेच सोडून देतात.

बऱ्याच गाड्यांत लोअर आर्म त्रिकोणी असतो, बॉडीला दोन ठिकाणी पकडलेला. त्यामुळे चाक आत-बाहेरही जात नाही आणि पुढे-मागेही नाही. एट हंड्रेडचा आर्म म्हणजे पत्र्याची एक पट्टी. आत एक बुश, बाहेर बॉल जॉइंट, संपलं. एका बोल्टावर लटकलेली पट्टी चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही, पण पुढे-मागे ती काय रोखणार? ते काम सुझुकीने स्टॅबिलायझर बारकडे दिलंय. हा बार पुढे बॉडीखाली दोन क्लॅम्पांत आडवा बसतो, त्याची दोन्ही टोकं मागे वळतात आणि आर्ममधून आरपार निघतात. टोकाला आर्मच्या दोन्ही अंगांना रबर, रबरामागे खोलगट वॉशर, मग खाचांचा नट आणि त्यात स्प्लिट पिन.

म्हणजे एका दांड्याला दोन नोकऱ्या. वळणावर गाडी कलू द्यायची नाही आणि चाकाला पुढे-मागे जाऊ द्यायचं नाही. पहिली नोकरी नीट झाली नाही तर गाडी थोडी जास्त झुकेल. दुसरी नीट झाली नाही तर ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकेल, आणि आमचं तेच झालंय.

चाकाचा खालचा भाग मागे सरकला की कॅस्टर कमी होतो. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं, तिचा पुढून-मागचा कल म्हणजे कॅस्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं ते त्याच्यामुळे. एका बाजूचा कॅस्टर कमी झाला की गाडी त्या बाजूला ओढते. डावीकडचा बुश जास्त गेलाय, गाडी डावीकडे जाते. हिशेब जुळतो.

आणि मे महिन्यातलं अलाइनमेंट का टिकलं नाही, तेही यातच आलं. मशीनवर गाडी उभी असते, चाकावर ब्रेकचा जोर नसतो. सैल बुश त्या वेळी जिथे असेल तिथे धरून आकडे जुळवले जातात. रस्त्यावर पहिल्या ब्रेकला ते मोडतात. बुश गेलेल्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे फेकणं.

भाच्याचा मेसेज: रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालू या का? नको. ते झिजतात कमी, पण कडक असतात, आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का बॉडीत पोचवतात. आईला शर्यत लावायची नाही, मंडईत जायचंय.

यादी: आर्म दोन, बुश आणि बॉल जॉइंटसकट. बारच्या टोकांची चार रबरं. क्लॅम्पांची दोन. खोलगट वॉशर, खाचांचे नट, स्प्लिट पिन. उजव्या आर्मचा नुसता बुश प्रेसवर बदलून घेता येईल, बॉल जॉइंट चांगला आहे. पण हात घातलाच आहे तर दोन्ही बाजू सारख्या करणार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळ्या नट-बोल्टांना वायर ब्रश मारून गंज सोडवायचं तेल. ब्रेकच्या डिस्कवर उडू नये म्हणून फडकी बांधली. एवढंच.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नाना पेठ, गाड्यांच्या पार्टचा बाजार. गाडी तिथे नेण्याचा मूर्खपणा केला नाही, स्कूटर घेतली.

एट हंड्रेड बंद होऊन दशक झालं. शेवटच्या गाड्या जानेवारी २०१४मध्ये निघाल्या. पुण्यात तर एप्रिल २०१०पासूनच नवी मिळत नव्हती, कारण धुराच्या प्रदूषणाचा बीएस-४ नियम ज्या तेरा शहरांना आधी लागला त्यात पुणे होतं. तरी पार्ट कुठल्याही दुकानात मागा, काउंटरवरचा पोरगा कॅटलॉग न उघडता फळीवर हात घालतो. या गाडीची हीच श्रीमंती.

अडचण वेगळीच आहे. माल तीन भावांत मिळतो आणि तिन्ही ‘ओरिजिनल’ असतात.

मी जुन्या आर्मची मापं कागदावर उतरवून नेली होती: बोल्टाच्या भोकापासून बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत, तिथून बारच्या भोकापर्यंत. पहिल्या दुकानात जो आर्म दाखवला त्यात बुश तिरका दाबलेला. एका बाजूला आतली नळी रबराच्या बाहेर, दुसऱ्या बाजूला आत गेलेली. हाताने बॉल जॉइंट फिरवला तर सहज गरगर फिरला. नव्या बॉल जॉइंटला हाताला जाणवेल असा घट्टपणा हवा. शेठला दाखवलं.

“चालतंय साहेब, बसल्यावर सेट होतं.”

बसल्यावर सेट होणारे बुश जगात नसतात. पुढच्या दुकानात होलोग्रामच्या पाकिटातले मिळाले, थोडे महाग. पत्र्याच्या कडा साफ, वेल्डिंग सलग, बुश सरळ, टोपणाची कडी नीट बसलेली. दोन्ही आर्म काउंटरवर पाठीला पाठ लावून भोकं जुळवून बघितली. जुळली. शेठने बघू दिलं, चहाही सांगितला. बारच्या टोकांची रबरं तिथलीच घेतली, कारण लोकल रबर पहिल्या उन्हाळ्यात कडक पडतं आणि मग चिरतं. सगळं मिळून पुढच्या दोन शॉकअपच्या खर्चापेक्षा बरंच कमी झालं.

येताना बोहरी आळीतून स्प्लिट पिनांची पुडी आणि टॉमीसाठी जाड पाइप.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आलो. भाचा शाई लावलेलं बोट मिरवत साडेनऊला हजर. पहिलंच मतदान.

पुढची दोन्ही चाकं एकदम वर घेतली. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो आणि नट काढताना उसळतो. दोन्ही लटकत असली की बार शांत असतो.

क्रम असा ठरवला: बारच्या टोकाचे नट, मग बॉल जॉइंटचा बोल्ट, शेवटी आतला बोल्ट.

स्प्लिट पिना गंजून एकजीव झालेल्या. सरळ करायला गेलं की मोडतात. पक्कडीने डोकं तोडून उरलेला तुकडा बारीक सुंभ्याने ठोकून काढला. खाचांच्या नटाला गोटी पाना आणि पाइप लावून दोघांनी जोर दिला. आधी किरकिर, मग एकदम सुटला.

बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये एका आडव्या बोल्टाने आवळलेली असते. हा बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. अनेक जण तो अर्धवट ठेवून आर्मवर हातोडे मारतात आणि मग आर्म जाम आहे म्हणतात. बोल्ट काढल्यावर नकलच्या फटीत छिन्नी ठेवून हलका ठोका दिला, फट केसभर उघडली, आर्म खाली दाबला. दांडी बाहेर.

इथे एक काळजी. आर्म सुटला की स्ट्रट आणि नकल मोकळे होतात आणि बाहेर कलंडतात. फार बाहेर ओढलं गेलं तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट निसटू शकतो. आधीच नकल सुतळीने बॉडीला बांधून ठेवली.

डावा आतला बोल्ट आढेवेढे न घेता निघाला. जुना आर्म हातात घेतला तर आतली नळी नुसत्या बोटाने फिरली. रबर फक्त नावाला होतं.

नवा आर्म लावला. बोल्ट हाताने आणि मग पान्याने नुसता टेकवून ठेवला, आवळला नाही. भाचा विचारायच्या बेतात होता, म्हणून त्याला जुना बुशच दाखवला. या बुशमध्ये काहीही घासत फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये पकडली जाते, कायमची. बाहेरची कडी आर्मबरोबर फिरते. मधलं रबर दोघांना चिकटवलेलं, आणि चाक वर-खाली होतं तेव्हा ते रबर पिळलं जातं आणि परत येतं. आता चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत शून्यावर असेल. गाडी खाली ठेवली की आर्म वर येणार, रबर उभ्या गाडीतसुद्धा सतत पिळलेलं, आणि खड्ड्यात आणखी पिळणार. असा बुश वेळेआधी फाटतो. म्हणून शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना.

“कॉलेजमध्ये हे कुणी सांगितलं नाही,” भाचा म्हणाला.

“गॅरेजमध्येही सांगत नाहीत.”

कधी कधी वाटतं की ‘नवे आर्म टाकले तरी वर्षात आवाज आला’ या तक्रारीमागे निम्म्या वेळी माल नसतो, हा एक बोल्ट असतो.

बारच्या टोकाला आतलं रबर, आर्म, बाहेरचं रबर, वॉशरची खोलगट बाजू रबराकडे. बसवताना साबणाचं पाणी लावलं. तेल-ग्रीस अजिबात नाही, इतकं रामायण वाचल्यावर तर नाहीच.

उजवी बाजू. बारचा नट सुटला, बॉल जॉइंट सुटला, आतला बोल्ट हटेना. फिरतो, पण बाहेर सरकत नाही. बुशच्या आतल्या नळीला गंजाने धरलंय, बोल्टाबरोबर नळीपण फिरतेय आणि रबर पिळतंय. ठोकलं, फिरवलं, तेल सोडलं. अंधार झाला. गाडी घोड्यांवर तशीच ठेवली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसला जाताना तेल. आल्यावर तेल.

सोसायटीचे सेक्रेटरी काका आले, “हे किती दिवस असं?” म्हणून. मग विटेवर बसलेच. त्यांच्याकडे एके काळी फियाट होती. तिच्या पुढच्या भागाला ठराविक किलोमीटरला ग्रीसगन लावावी लागायची, विसरलं की स्टिअरिंग जड आणि आवाज सुरू. “रबर आलं आणि लोक खाली बघायचेच बंद झाले,” म्हणाले. बरोबर आहे. रबराला काही घालावं लागत नाही, त्यामुळे ते मरेपर्यंत कुणाला आठवत नाही. काका शनिवारपर्यंत मुदत देऊन गेले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस, दुपारपासून फटाके.

बोल्ट अजून जाम. भाचा मित्राचा ग्राइंडर घेऊन आला होता. परत पाठवला. पेट्रोलची गाडी, बंद पार्किंग, ठिणग्या उडवायची ही जागा नाही. गॅस लावून तापवणंही त्याच कारणाने नाही. राहिलं करवतीचं पान.

बुशची आतली नळी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये जेमतेम पान जाईल इतकी जागा. पानाच्या एका टोकाला फडकं गुंडाळून मूठ केली आणि आडवं पडून छोटे छोटे हात मारत राहिलो. ब्रॅकेटला खरचटू नये म्हणून पान बुशच्या अंगाला दाबून धरायचं. थकलो की भाचा, तो थकला की मी. एक बाजू कापली गेल्यावर वाटलं निघेल, पण दुसरी बाजूही कापावीच लागली. दोन पानांचे दात गेले. आर्म खाली पडला तेव्हा बाहेर फटाक्यांची माळ लागली. कुणाची तरी सीट आली असणार, आम्ही आमची समजलो.

आता बोल्ट हवा. हा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातला चालत नाही. साध्या बोल्टाच्या डोक्यावर ४.६ किंवा ४.८ असतं, नाहीतर काहीच नसतं. हाय टेन्सिलवर ८.८ असतं. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटायची ताकद मेगापास्कलमध्ये, आणि बिंदूनंतरचा आठ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांवर तो कायमचा ताणला जातो. दिसायला दोन्ही सारखे, किमतीत फरक चहाएवढा. पण चाक धरून ठेवणाऱ्या जागी साधा बोल्ट टाकणं हा विषय नाही. नाना पेठेत जाऊन कंपनीचाच आणला, नटासकट. दुकान बंद व्हायच्या बेतात होतं.

रात्री उजवा आर्म बसला. ब्रॅकेट आतून वायर ब्रशने साफ केलं. बोल्टाच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ थर, आट्यांना नाही, रबराला लागू न देता. म्हणजे पुढच्या माणसाला करवत लागू नये. पुढचा माणूस बहुधा मीच.

२४ नोव्हेंबर, रविवार

बारच्या क्लॅम्पांची दोन रबरं. सोपं काम, जुनी हातातच तुटली.

चाकं लावली, गाडी खाली. बॉनेट दाबून-सोडून आणि पार्किंगमध्ये थोडी पुढे-मागे करून तिला तिच्या उंचीवर बसू दिलं. नुकती खाली ठेवलेली गाडी थोडी उंच उभी राहते, कारण टायर जमिनीला धरून आत सरकलेले असतात. चार पावलं चालली की बसते. मग खाली सरकून, मॅन्युअलमधले आकडे बघून, टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आतले दोन्ही बोल्ट आणि बारचे नट आवळले. या गाडीची उंची बेताचीच, खाली रेंचला फिरायला जागा नाही. आठवा हिस्सा फिरवायचा, काढायचा, परत लावायचा. कंटाळवाणं, पण सगळ्या प्रकल्पातलं हेच काम टाळायचं नाही.

खाचांच्या नटात भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे घ्यायचा, मागे नाही. नव्या स्प्लिट पिना, टोकं वाकवून.

सोसायटीच्या फाटकावरच्या स्पीडब्रेकरवर गेलो. शांत. रिव्हर्स-ब्रेक, पुढे-ब्रेक. शांत.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी अलाइनमेंट. बुश बदलल्यावर टो (वरून बघता चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलीत ते) हमखास हललेला असतो, स्टिअरिंग थोडं उजवीकडे वळलेलं होतं.

मशीनवरच्या पोराने स्क्रीन दाखवली. “साहेब, कॅम्बरमध्ये थोडा फरक आहे. हायड्रॉलिक लावून काढून देतो.” कॅम्बर म्हणजे समोरून बघता चाकाचा आत-बाहेरचा कल. या गाडीत कॅम्बर आणि कॅस्टर जुळवायची सोयच नाही, जुळतो तो फक्त टो. हायड्रॉलिक लावणं म्हणजे स्ट्रट वाकवणं. दोन बाजूंतला फरक इतका किरकोळ होता की टायरच्या हवेत लपला असता. नको म्हटलं. तो थोडा नाराज झाला, पण टोचं काम त्याने नीट केलं: आधी स्टिअरिंग मध्यावर बांधलं, मग दोन्ही टाय रॉड सारखे फिरवले, चेक नट आवळताना रॉड धरून ठेवला. बरेच जण तो धरत नाहीत आणि आवळतानाच आकडा हलतो.

डाव्या टायरची आतली कड गेलेलीच आहे. ते टायर मागे टाकले, मागचे पुढे.

१ डिसेंबर, रविवार

आईला घेऊन जुन्या कात्रज घाटाने वर, बोगद्यातून पलीकडे शिंदेवाडीपर्यंत, परत बायपासने. घाटात जाताना गाडी तिने चालवली. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळ येतं, हे तिच्या लगेच लक्षात आलं. पूर्वी ओढून आणावं लागायचं आणि तिला वाटायचं आपलेच हात दुखतात.

पलीकडच्या उतारावर रस्ता मोकळा बघून मी एकदा कडक ब्रेक मारला. सरळ. येताना नवले पुलाच्या उतारावर असले प्रयोग करायचे नसतात, तिथे मागून काय येतंय त्याचा भरवसा नाही.

आई: “आता ऐकते.” मग थोड्या वेळाने: “पण मागून काहीतरी वाजतंय.”

वाजतंय खरं. पुढचा आवाज गेल्यावर मागचा ऐकू यायला लागला.

२२ डिसेंबर, रविवार

फेरतपासणी. आतले बोल्ट आणि बारचे नट टॉर्क रेंचने परत बघितले, एकही हलला नाही. नव्या रबरांना चीर नाही, बॉल जॉइंटची टोपणं कोरडी. टायरवरून हात फिरवला, कड सारखी लागतेय.

मागचा आवाज: डिकीच्या कुलपाचा कोयंडा सैल होता, त्याचे स्क्रू आवळल्यावर निम्मा गेला. उरलेला उजव्या शॉकअपच्या खालच्या बुशचा आहे. हाताने धरून गाडी दाबली की तळहाताला जाणवतो. बुश वेगळा मिळतो का ते शनिवारी नाना पेठेत विचारायचं. भाच्याची परीक्षा संपली की मागची बाजू.